तालीम उभी राहिली, वाडी का उठली?

मराठी घरांतून ज्या थोड्या पुस्तकांची पाने हाताळून मऊ झालेली आढळतात, त्यांत ‘बनगरवाडी’, ‘ग्रामगीता’ आणि ‘बटाट्याची चाळ’ ही तीन पुस्तके बहुधा असतातच. ती सहसा एका फळीवर नसतात. ‘ग्रामगीता’ देवघराच्या आसपास असते, ‘बनगरवाडी’ कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या पुस्तकांत असते, आणि ‘चाळ’ कोणी तरी वाचायला नेलेली असते व परत यायची असते! पहिली दोन पुस्तके १९५५ सालची, तिसरे १९५८ चे. एक कादंबरी, एक ओवीबद्ध ग्रंथ, एक विनोदी लेखांचा संग्रह. त्यांच्या कर्त्यांतही काही साम्य नाही. व्यंकटेश माडगूळकर माणदेशचे, तुकडोजी महाराज वऱ्हाडातले, आणि पु. ल. देशपांडे थेट मुंबईचे. तरीही ही तिन्ही पुस्तके एका बैठकीत वाचली, तर ती एकाच प्रश्नाभोवती फिरत आहेत असे दिसून येते. एकमेकांशेजारी राहणारी माणसे एकत्र येतात ती कशाने?

माझ्या मते या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे, आणि तो अधिक अवघड आहे. एकत्र येणे निराळे आणि एकत्र राहणे निराळे. गावात एखाद्या गोठ्याला आग लागली, की सारा गाव घागरी-बादल्या घेऊन धावतो. जन्मात एकमेकांचे तोंड न पाहणारे भाऊ त्या वेळी एका ओळीत उभे राहून पाणी पुढे करतात. आग विझते, आणि आठ दिवसांनी तेच भाऊ धुऱ्यासाठी पुन्हा कचेरीची पायरी चढतात. संकट माणसांना एकत्र आणते हे सर्वांना ठाऊक आहे. संकट सरल्यावर त्यांना एकत्र ठेवते ते काय? हा दुसरा प्रश्न या तीन पुस्तकांना घालून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न मला साहित्यापुरता वाटत नाही, त्याचे कारण मी राहतो तो मुलूख. पोंभुर्णा हे चंद्रपूर जिल्ह्यातील, जंगलाच्या सोबतीने वाढलेले गाव. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांतून रोवण्याची घाई असते, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले वेचायला बायाबापड्या पहाटे रानात शिरतात. त्याच रानात वाघही असतो. चार जणींची सोबत असली, बोलण्याचा गलका असला, तर टोपली भरून घरी येते. एकटीदुकटी गेलेली बाई परत न आल्याच्या बातम्या आमच्या जिल्ह्यातील वर्तमानपत्रांना नव्या नाहीत. तेव्हा शेजारधर्म हा आमच्याकडे सुभाषिताचा विषय उरत नाही. तो जिवाशी येऊन भिडतो.

प्रथम ‘बनगरवाडी’ घेऊ. मी स्वतः मास्तर असल्याने या कादंबरीतील मास्तरावर माझा अंमळ जास्त लोभ आहे, हे आधीच सांगून टाकतो. औंध संस्थानातील एका धनगरवाडीत राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा तरुण मास्तर येतो. शाळा आहे पण मुले नाहीत, मुले मेंढरांमागे. हळूहळू मास्तर वाडीचा होतो. लोकांची पत्रे लिहितो, तालुक्याच्या गावाहून जिन्नस आणून देतो, तंट्यात शब्द टाकतो. मग त्याच्या मनात येते, की वाडीत एक तालीम असावी. कोणी पैसा देतो, कोणी अंगमेहनत देतो, आणि ज्या वाडीत सार्वजनिक असे काही नव्हते तेथे सर्वांच्या घामाची एक इमारत उभी राहते. तिच्यासाठी खुद्द राजा वाडीत येतो. औंधच्या राजाला सूर्यनमस्काराचे केवढे वेड होते हे जुन्या लोकांना ठाऊकच आहे; तेव्हा तालमीचे निमित्त माडगूळकरांनी किती नेमके निवडले ते पाहा.

आणि पुढे काय होते? पाऊस दगा देतो. चारा संपतो, मेंढरे मरू लागतात. माणसे एकेक करून वाडी सोडतात. तालीम जागच्या जागी राहते, आणि ती ज्यांनी बांधली ते दाही दिशांना पांगतात. मास्तरालाही शेवटी तेथून निघावे लागते.

या शेवटाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. निसर्गापुढे माणूस दुबळा, हा त्याचा अर्थ बहुतेकांनी लावला. तो खोटा नाही. पण अपुरा आहे. दुष्काळ काही माणदेशाला नवा नव्हता. मला या कादंबरीत आणखी एक गोष्ट दिसते. वाडीने मिळून जे बांधले, त्याच्यावर वाडीचे पोट नव्हते. आणि ज्याच्यावर वाडीचे पोट होते, ते चारापाणी वाडीने मिळून कधी सांभाळले नव्हते. ज्याची त्याची मेंढरे, ज्याचे त्याचे नशीब. तालीम बांधताना वाडी एक झाली खरी; परंतु गवताच्या प्रश्नावर प्रत्येक घर एकटे होते. म्हणून दुष्काळ आला तेव्हा तो एका वाडीवर आला नाही, तो घराघरावर वेगवेगळा आला आणि घरेही वेगवेगळी निघून गेली.

दुसरी गोष्ट अशी, की वाडी चालते ती वृद्ध कारभाऱ्याच्या शब्दावर आणि मास्तराच्या उमेदीवर. दोघेही भले. पण भल्या माणसाचे आयुष्य संपते, आणि मास्तराची नोकरी म्हणजे तर फिरती. ज्याच्या जाण्याने काम थांबते, ते काम गावाचे झाले असे कसे म्हणावे?

तिसरी गोष्ट मला विशेष टोचते. याच कादंबरीत शेकूची बायको आहे. बैल कमी पडतो म्हणून ती स्वतः औताला खांदा देते. मराठी वाचक ते पान विसरू शकत नाही. या बाईइतके कष्ट वाडीत दुसऱ्या कोणी उपसले असतील असे वाटत नाही. आणि वाडीने सर्वांच्या मेहनतीने काय बांधले? तर तालीम, जिचा उंबरा ती बाई कधी ओलांडणार नाही! हा लेखकाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. त्या काळची वाडी अशीच होती आणि माडगूळकरांनी ती जशीच्या तशी आपल्यापुढे ठेवली. पण ‘सारी वाडी एक झाली’ असे आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा त्या ‘साऱ्या’त कोण धरले आणि कोण वगळले, हे समीक्षकाने विचारलेच पाहिजे. याच औंध संस्थानात १९३९ साली महात्मा गांधींच्या सल्ल्याने गावपंचायतींच्या हाती कारभार देणारी राज्यघटना लागू झाली, हा इतिहास आहे. कादंबरीतल्या वाडीत राजा येतो तो तालमीसाठी. तिच्या आयुष्यात समारंभ आला. सत्ता मात्र दिसली नाही.

आता ‘ग्रामगीते’कडे वळू. तुकडोजी महाराजांचा आणि आमच्या जिल्ह्याचा ऋणानुबंध जुना आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूरला जो उठाव झाला, त्यामागे त्यांच्या खंजिरीच्या भजनांची प्रेरणा होती, आणि त्याच महिन्यात त्यांना अटकही झाली. १९६८ साली ते गेले. पण आमच्या बाजूच्या कित्येक खेड्यांतून आजही संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेचे सूर ऐकू येतात. शहरातल्या समीक्षेने ‘ग्रामगीते’ला काव्य म्हणून फारसे जवळ केले नाही. प्रचाराची ओवी म्हणून ती बाजूला ठेवली गेली. हा अन्याय आहे असे मला वाटते. ४१ अध्यायांच्या या ग्रंथात ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, महिलोन्नती, ग्रामकुटुंब असे विषय अध्यायांना आहेत. गावाची साफसफाई, लग्नातली उधळपट्टी, गावाची राखण, आजाऱ्याची शुश्रूषा, या रोजच्या गोष्टींना ओवीच्या पंगतीला मानाने बसवणारा कवी मराठीत दुसरा दाखवावा! शिवाय भाषा अशी, की जिला शाळा माहीत नाही त्या आजीलाही ती ऐकून कळते. काव्याची ही कसोटी आपण अलीकडे फार लवकर विसरलो.

‘बनगरवाडी’त जे नाही ते येथे आहे. गावाच्या पोटाचा प्रश्न येथे आहे आणि स्त्रियाही आहेत. साऱ्या गावाचे मिळून एक कुटुंब व्हावे, हे तर या ग्रंथाचे हृदयच आहे. मग उणे कोठे पडते? मला वाटते, ते कुटुंबाच्या या कल्पनेतच आहे. कुटुंबात वडीलधारा असतो. तो शहाणा असेल तर घर नांदते. ‘ग्रामगीते’चा सारा भरवसाही अखेर शहाण्या, निःस्वार्थी कार्यकर्त्यावर आहे. तो मिळाला तर गाव स्वर्ग होईल. पण तो कसा ओळखावा, त्याचे पाऊल घसरले तर त्याला कोणी अडवावे, आणि मुख्य म्हणजे गावातल्या एखाद्या दुबळ्या माणसाला ‘मला हे पटत नाही’ असे म्हणायचे असेल तर त्याने ते कोठे उभे राहून म्हणावे, याची वहिवाट या ग्रंथातून माझ्या हाती लागत नाही. मतभेद येथे बहुधा फुटीच्या रूपाने येतो, आणि फूट म्हणजे रोग. वस्तुतः मतभेद हा रोगही असतो आणि औषधही असते. तुकडोजी महाराज संत होते. माणसे सुधारतील हा विश्वास संताने धरावाच. पण माणसे पुरती सुधारण्याची वाट पाहत गावाला बसता येत नाही.

‘बटाट्याची चाळ’ या पंगतीला कशी आली, असे कोणी विचारील. दिवाळीत फराळाच्या ताटाशी बसून ज्यांनी ती मोठ्याने वाचली असेल, त्यांना ‘गच्चीसह—झालीच पाहिजे’ हे प्रकरण आठवेल. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ या घोषणेची ती खट्याळ सावली आहे. गच्चीसाठी बिऱ्हाडकरू चळवळ उभारतात आणि आपण हसून हसून बेजार होतो. पण हसू ओसरल्यावर ध्यानात येते, की पु. लं.नी फार खरी गोष्ट सांगितली आहे. जी माणसे नळावर, जिन्यावर, गॅलरीत रोज भांडतात, ती एका गोष्टीसाठी एक होतात: जी कोणा एकाची नाही आणि म्हणून सर्वांची होऊ शकते. चाळीतली माणसे स्वभावाने सज्जन होती म्हणून शेजारी नव्हती. नळ एक, जिना एक, गॅलरी एक, म्हणून ती शेजारी होती. घरात नळ आला, दाराला कडी बसली, आणि सामाईक असे काही उरले नाही. त्यासरशी शेजारही आटला. आज शहरातल्या उंच इमारतींतून राहणाऱ्या वाचकांना हे मी सांगायला नको.

सामाईक वस्तू नुसती असून भागत नाही, तिच्यावर आपला हात चालला पाहिजे, याचा दाखला मात्र आमच्या झाडीपट्टीत जागोजाग पडलेला आहे. आमच्याकडचे धान पिढ्यान्‌पिढ्या तलावांवर पिकले. पाळ फुटू नये, गाळ साचू नये, पाट वाहता राहावा, ही कामे गावाच्या अंगवळणी पडली होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती गेली हे बरेच झाले; त्या व्यवस्थेत बेगारही होती आणि जुलूमही होता. पण तिच्याबरोबर तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी तलाव’, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, असे त्यांचे नाव पडले. पुष्कळ ठिकाणी गाळ साचला, पाळी खचल्या. गावचे लोक एका रात्रीत आळशी झाले काय? नाही. तलाव गावासमोर होता, पण गावाचा राहिला नव्हता. दुसऱ्याच्या वस्तूची निगा राखायला शेजारी एकत्र येत नाहीत.

तात्पर्य, तिन्ही पुस्तकांतून उत्तराचा एकेक तुकडा हाती येतो. ‘बनगरवाडी’ सांगते, पोटाच्या प्रश्नावर एक झाल्याखेरीज एकी टिकत नाही. ‘चाळ’ सांगते, सामाईक काही असल्याखेरीज एकी होत नाही. ‘ग्रामगीता’ सांगते, गावाने आपले सारे आयुष्य आपले मानले पाहिजे. हे तुकडे सांधणारे पुस्तक मला मराठीत अजून भेटले नाही. गाव मात्र भेटले आहे. आमच्याकडून वैनगंगा ओलांडली, की गडचिरोली जिल्हा लागतो. १९८२ पर्यंत तो आमच्याच जिल्ह्याचा भाग होता. त्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचे गोंडांचे एक लहान गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा पुष्कळांनी ऐकली असेल. घोषणा सोप्या असतात. त्या घोषणेमागची रीत पाहण्यासारखी आहे.

त्या गावात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाही माणसाचा नकार असला, तर निर्णय थांबतो आणि बोलणे पुढे चालू राहते. बोलण्यासाठी अभ्यासगट आहेत. तेथे बाहेरचे जाणकारही येऊन बसू शकतात. पण ठरवायचे ते ग्रामसभेनेच. देवाजी तोफा हे त्या गावचे, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे तेथे शिकायला व शिकवायला गेलेले कार्यकर्ते. दोघांची नावे महाराष्ट्राला ठाऊक आहेत. पण त्यांचे मोठेपण मला यात दिसते, की गाव त्यांच्या शब्दावर चालावे अशी त्यांनी व्यवस्था केली नाही. कारभाऱ्याची जागा सभेने घेतली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, आणि आपला बांबू गावाने आपण विकला. २०१३ साली तर गावाने ग्रामदानाचा मार्ग धरून शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. आमच्या शेजारच्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगावलाही २०१२ साली सुमारे १,००० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. तेथील ग्रामसभा बांबू विकते. पण तेंदूपानासाठी फांद्या छाटाव्या लागतात, रानाला आगी लागतात, म्हणून ते उत्पन्न तिने आपण होऊन सोडले. हाती येणारा पैसा सर्वांनी मिळून सोडणे म्हणजे काय, हे ज्यांनी कधी घरातल्या चौघांचेही एकमत करून पाहिले असेल, त्यांना कळेल!

यावर आक्षेप आहेत, आणि ते मी लपवीत नाही. मेंढा-लेखा लहान आहे. शंभराच्या आसपास घरांचे, बहुतांशी एका समाजाचे. आमचे पोंभुर्णे तालुक्याचे ठिकाण. येथे नाना जाती, व्यापारी, नोकरदार, आज आलेला आणि उद्या बदलून जाणारा, असे सारे आहेत. तेथे एकमत कोठून आणायचे? दुसरा आक्षेप असा, की सर्वसहमतीच्या नावाखाली जबरा माणूस दुबळ्याला गप्प बसवील. हा धोका खराच आहे. परंतु बहुमतात दुबळ्याला गप्प बसवण्याचीही गरज पडत नाही. त्याला मोजून बाजूला करता येते. सर्वसहमतीत निदान त्याच्या होकारासाठी थांबावे लागते. शेकूची बायको त्या सभेत असती आणि ‘तालीम नंतर, आधी पाण्याचे बघा’ एवढे म्हणाली असती, तर वाडीला थांबावे लागले असते. दुष्काळ टळला नसता. पण तो आला तेव्हा वाडी त्याच्यासमोर एक वाडी म्हणून उभी राहिली असती. मोठ्या गावाला ही रीत जशीच्या तशी पेलणार नाही हे मान्य. पण मोठे गाव म्हणजे अखेर पुष्कळ आळ्या, आणि एका आळीत एक विहीर, एक रस्ता, पहाटे मोह वेचायला निघणाऱ्या चार बाया, एवढे तर सामाईक असतेच. सुरुवात तेथून करायला कोणाची ना आहे?

शेवटी एक गाऱ्हाणे माझ्या व्यवसायबंधूंसाठी. आपल्या ग्रामीण कादंबरीला भांडण लिहिता येते, दुष्काळ लिहिता येतो, एकटा भला माणूस आणि त्याचा पराभव तर फारच चांगला लिहिता येतो. तिला सभा लिहिता येत नाही. सभा म्हणजे रुक्ष, कंटाळवाणी, असे आपण धरून चाललो आहोत. पण सारे गाव ‘हो’ म्हणते आहे, कोपऱ्यातली एक म्हातारी मान हलवून ‘नाही’ म्हणते, आणि तिला पटेपर्यंत सारे गाव थांबते, यापेक्षा मोठे नाट्य कोणते हवे? झाडीपट्टीतला आमचा प्रेक्षक हिवाळ्याच्या थंडीत घोंगडी पांघरून रात्रभर नाटक पाहतो. असे नाटक कोणी लिहिले, तर तो उजाडेपर्यंत हलणार नाही, याची मी खात्री देतो. तोवर वाचकांनी या दिवाळीत ही तीन पुस्तके फळीवरून काढून घरच्या मंडळींत मोठ्याने वाचावी, आणि वाचून झाल्यावर आपल्या आळीत, आपल्या जिन्यावर सामाईक असे काय काय उरले आहे, त्याची एकदा मोजदाद करावी.